कोकणातील सॉफ्टवेअर टीम आणि एआय कोडिंग साधने

साध्या भाषेतल्या सूचनेवरून किंवा अर्धवट ओळीवरून पुढचा कोड लिहून देणाऱ्या, अलीकडे फायलींत स्वतः बदल करून कोड तपासणाऱ्या चाचण्या, म्हणजे टेस्टही, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला एआय कोडिंग साधन म्हणतात. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये चाचणीसाठी आणि २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पुढे कर्सर, क्लॉड कोड ही साधने आली. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईचे अनेक अभियंते गावच्या घरी येऊन काम करू लागले. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या दोन-चार जणांच्या टीमना तर ही साधने म्हणजे वाढीव हातच वाटतात.

काम किती वाढते, यावर अभ्यासांची उत्तरे जुळत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्यांना ५५.८ टक्के कमी वेळ लागला. २०२५ मध्ये मीटर (METR) या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच जुन्या, मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. तिथे साधनांसह १९ टक्के जास्त वेळ गेला, आणि तरीही आपण २० टक्के कमी वेळात काम केले असे त्यांना वाटत होते. या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. उत्पादकता टीमला विचारून कळत नाही. मागणी आल्यापासून ते काम ग्राहकाच्या हाती चालू स्थितीत पडेपर्यंतचे दिवस मोजावे लागतात.

हापूस विक्रीच्या संकेतस्थळाचे उदाहरण घ्या. बागायतदार ‘पेटी’ म्हणतो तेव्हा फळाच्या आकारानुसार तिच्यात चार डझनही असतात, आठही. साधनाला हे कोणी सांगितले नाही, तर ते पेटीचा एकच आकडा धरून नीटनेटका कोड लिहिते. टेस्टही तेच लिहिते, त्याच गृहीतकावर, त्यामुळे त्या पास होतात. चूक उघडी पडते ती एप्रिलमध्ये, पेटी भरणारा माणूस फळे मोजू लागतो तेव्हा. मग ऐन हंगामात हिशेब दुरुस्त करायचे. कोड लिहिण्यात वाचलेली दुपार अशी आठवडाभराने फेडावी लागते. म्हणून रिव्ह्यू करणाऱ्याने, म्हणजे वापरात आणण्याआधी कोड वाचून तपासणाऱ्याने, एकदा तरी पेट्या भरताना पाहिलेल्या असाव्यात. लहान टीममध्ये रिव्ह्यू करणारा बहुधा एकच असतो. कोड दुप्पट आला की त्याच्यापाशी तुंबतो. सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या गुगलच्या २०२४ च्या डोरा अहवालातही एआयचा वापर वाढला तिथे डिलिव्हरीची स्थिरता, म्हणजे बदल न बिघडता वापरात येणे, घटलेली आढळली. एकेक बदल आकाराने मोठा होत जातो, हे त्याचे संभाव्य कारण त्यात दिले आहे.

बहुतेक साधने दूरच्या सर्व्हरवर चालतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी लॅपटॉपवर कोड उरतो, साधन उरत नाही. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे नेट येते, आणि आपलाच कोड समजावून सांगणारी टिपणेही यायला हवीत.