परसातील खुराडे आणि मे महिन्यातले ऊन

परभणी, नांदेड किंवा जालन्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४२–४३ अंशांवर गेला तर कोणाला नवल वाटत नाही. कोंबडीच्या शरीराचे तापमान मात्र साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. परसात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याची निम्मी अडचण या दोन आकड्यांत आहे. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते, त्यामुळे एरवी ती कोंबडीकडून हवेकडे वाहते; पण हवाच कोंबडीपेक्षा गरम झाली की हा प्रवाह उलटा फिरतो. खुराडे बांधायला घेणाऱ्या नवशिक्याच्या डोळ्यांपुढे मात्र मुंगूस आणि मांजर असते, म्हणून तो भक्कम, बंदिस्त पेटी बांधतो. मीही पहिल्या वेळी चारी बाजूंनी पत्रा ठोकला होता. एप्रिल उजाडला तशा कोंबड्या आत जाईनाशा झाल्या आणि दिवेलागणीला अंगणातल्या लिंबावर चढून बसू लागल्या. माझ्या आराखड्यापेक्षा त्यांचा निर्णय अधिक शास्त्रशुद्ध होता, हे उमगायला मला बरेच दिवस लागले.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. सावलीत हवा अंगापेक्षा थंड असेल तोवर ती पंख अंगापासून दूर धरून आणि तुऱ्याकडे व चोचीखाली लोंबणाऱ्या गलोलीकडे जास्त रक्त धाडून उष्णता बाहेर टाकते. त्याने भागेनासे झाले की चोच उघडून धापा टाकणे एवढा एकच मार्ग उरतो. श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅम पाण्यामागे सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. मात्र या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, त्यामुळे रक्तातील बायकार्बोनेट घटते आणि प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले अंड्याचे कवच पातळ होते. उन्हाळ्यात अंडी हातात घेताच फुटू लागली की आपण शिंपल्यांचा चुरा वाढवतो. दोष पुष्कळदा खाद्यात नसून छपरात असतो.

म्हणून पहिला प्रश्न दिशेचा. मराठवाड्यात मेच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, तेव्हाचे ऊन छप्पर अडवते. खरा त्रास सकाळच्या आणि त्याहून जास्त संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा असतो. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर हे ऊन मुख्यतः आखूड भिंतींवर पडते आणि उत्तर-दक्षिणेच्या लांब बाजूंना जाळी लावून वाऱ्याला वाट मोकळी ठेवता येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा त्याच जाळीतून कोवळे ऊन आत येते. पश्चिमेची आखूड भिंत मात्र पूर्ण बंद असावी, कारण पावसाची झड बहुधा त्याच अंगाने येते. लांब बाजूंना गुडघ्याएवढी विटांची भिंत पुरते; ती आणखी उंच केली तर विटा दिवसभर शोषलेली उष्णता रात्री आत सोडत राहतात.

नुसता पत्रा उन्हात इतका तापतो की खाली बसलेल्या पक्ष्याला सावलीतही धग लागते. वरून चुन्याचा पांढरा हात दिल्यास बरेच ऊन परतवले जाते. त्यावर तुरीच्या तुराट्यांचा किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाड थर बांधला तर त्यांच्यामध्ये अडकलेली हवा उष्णता रोखून धरते, आणि आपल्याकडे या दोन्ही गोष्टी पिकाबरोबर फुकटच येतात. छपराखाली वितभर फट ठेवावी, म्हणजे वर चढलेली गरम हवा तेथून बाहेर पडेल. वाऱ्याच्या बाजूने ओले गोणपाट टांगण्याचा उपाय एप्रिल-मेमध्ये फार गुणकारी ठरतो, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि पाण्याची वाफ झपाट्याने होते. जूनमध्ये हवा दमट झाली की हेच गोणपाट काढून टाकावे: वाफ होत नाही, आतला ओलावा वाढतो आणि कोंबडीच्या धापाही निष्फळ ठरतात.

काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखल्याशिवाय खांब रोवू नयेत. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या रुंद भेगा त्याचीच खूण आहेत. अशा मातीत वरवर रोवलेला खांब एका पावसाळ्यात कलतो, दार चौकटीत बसेनासे होते आणि त्या तिरक्या फटीतून मुंगूस सहज आत शिरते. त्यामुळे खड्डा शक्यतो मुरूम लागेपर्यंत खणावा किंवा दगड-मुरुमाचे फूटभर उंच जोते बांधून त्यावर खुराडे उभारावे. पावसाचे पाणीही मग आत येत नाही.

बाजारात कोंबडी जाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवण्याची खात्री देत नाही. तिच्या छिद्रांतून घुशीची पिले आणि साप शिरू शकतात. खालच्या तीन फुटांत तरी अर्ध्या इंची छिद्रांची वेल्डेड जाळी वापरावी आणि तिची फूटभर पट्टी बाहेरच्या अंगाला जमिनीत आडवी पुरावी, कारण उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायाशीच उकरू लागतो.

आत जमिनीवर दोन-तीन इंच लाकडाचा भुसा किंवा कोरड्या शेंगांची टरफले पसरावीत. पोल्ट्रीवाले याला गादी म्हणतात. विष्ठेतील युरिक आम्लाचे जिवाणू अमोनिया करतात, पण त्यासाठी त्यांना ओलावा लागतो, म्हणून गादी कोरडी ठेवणे हाच दुर्गंधीवरचा निम्म्याहून अधिक इलाज आहे. आठवड्यातून दोनदा ती खालीवर करावी आणि पाण्याच्या भांड्याभोवतालची भिजलेली जागा लगेच बदलावी. खुराड्यात वाकून शिरल्यावर आपले डोळे चुरचुरले तर त्याच उंचीवर रात्रभर बसणाऱ्या कोंबडीचे काय होत असेल, याची कल्पना येते.

बाकी मापे सोपी आहेत. दहा कोंबड्यांना आठ फूट लांब व पाच फूट रुंद जागा पुरते, उंची मात्र आपल्याला आत उभे राहून झाडता येईल एवढी असावी. रात्री बसण्यासाठी कडा गोल केलेली, दोन इंच जाडीची लाकडी दांडी लावावी आणि प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा द्यावी. अंडी घालण्याच्या पेट्या चार-पाच कोंबड्यांमागे एक, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली असाव्यात. पेट्या उंच असल्या तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात. दाणा-पाणी छपराखालीच ठेवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूचे निदान झाले होते. बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा पाण्याच्या परळात पडू नये, एवढी काळजी तर खुराडे बांधतानाच घेता येते.

खुराडे जमले की नाही, हे मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास तपासावे. छपराला आतून हात लावून पाहावा आणि दांडीवरच्या कोंबड्यांच्या चोची मिटलेल्या आहेत का, ते टॉर्चच्या उजेडात बघावे. चोची उघड्या असतील तर दुसऱ्या दिवशी शिडी लावून तुराट्यांचा आणखी एक थर चढवावा.