मनगटाच्या चेंडूआधीची करेल

बेळगावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत हल्ली मुठीत मावणारा, आतून गरगरणारा चेंडू मिळतो. मनगट बळकट करायला म्हणून तो विकतात. आर्ची मिशलर या अमेरिकन माणसाला त्याचे पेटंट १९७३ साली मिळाले. आत एक जड चाक असते. ते वेगात आले की आपल्या आसाची दिशा सहजी बदलू देत नाही, म्हणून मनगट फिरवताना विरोध जाणवतो. नुसता जोर लावून तो चालत नाही. लय चुकली की चाक मंदावते.

सीमाभागातल्या जुन्या पैलवानाला यात नवल वाटणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तालमींत (कन्नड गावांत तिलाच गरडी म्हणतात) मुद्गल (मुठीला बारीक, टोकाला जाड असा लाकडी सोटा) आणि करेल (त्याचाच हलका प्रकार) फिरवण्याची रीत याच हिशेबाची. मुद्गलाचे वजन मुठीत नसते, दूर टोकाकडे असते. त्यामुळे पाच किलोचा मुद्गल तेवढ्याच डंबेलपेक्षा कितीतरी जड लागतो. डोक्यामागून खाली येताना त्याला आवरायचे काम खांद्याभोवतीच्या बारीक स्नायूंचे. मनगट, कोपर, पाठ, कंबर सगळ्यांना एकाच वेळी साथ द्यावी लागते. करेल हलकी आणि जोडीने फिरवायची. एक हात पुढे, दुसरा मागे, आणि दोघांचा मेळ बसेपर्यंत वस्ताद वजन वाढवू देत नाही. फिजिओथेरपीतही आधी हालचाल बसवतात, मग भार वाढवतात.

इंग्रज अधिकाऱ्यांनी ही मेहनत हिंदुस्थानात पाहिली आणि उचलली. १८३४ साली लंडनमध्ये डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात हे मुद्गल आले. पुढे लष्करी कवायतीत, शाळांत आणि १८६०च्या दशकात अमेरिकेतही ते पोचले, अर्थात बरेच हलके होऊन. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच होती.

इकडे बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे शाळांची कवायतही तिकडचीच. तालमीतली लोखंडी साखळीची लेझीम शाळेत हलकी होऊन ढोलावर नाचू लागली. दिसायला देखणी, पण दंडाला पूर्वीचा ताण कुठला!

चेंडूची मर्यादाही इथेच आहे. तो मनगट आणि कोपराखालच्या हाताला चांगला कामाला लावतो, पण खांद्याच्या मागच्या बाजूला करेलीइतका व्यायाम देत नाही.