नियमावलीतला ‘कास्ट’ : बेरिया कॉलेजची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजच्या १८५९ च्या नियमावलीत एक कलम आहे. कॉलेज पूर्णपणे ख्रिस्ती वळणाचं असेल आणि म्हणूनच पंथाभिमान, गुलामगिरी, ‘कास्ट’ व इतर प्रत्येक अन्याय्य प्रथेच्या विरोधात राहील, असा त्याचा आशय. मूळ शब्द ‘कास्ट’च आहे. मराठी वाचकाला तो खटकेल, पण तिथे त्याचा रोख वर्णभेदावर होता. गुलामगिरी वेगळी आणि काळ्या माणसाला शेजारी बसू न देणं वेगळं, हे गुलामगिरी कायदेशीर असतानाच लिहून ठेवलं गेलं, यातच या संस्थेचं वेगळेपण आहे.

कॉलेजचे संस्थापक जॉन ग्रेग फी (१८१६–१९०१) हे केंटकीतल्याच गुलाममालकाचे पुत्र. सिनसिनाटीच्या लेन या धर्मशिक्षण विद्यालयात शिकताना ते गुलामगिरीविरोधी झाले आणि वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळलं. पुढे कॅशस क्ले या जमीनदार राजकारण्याने त्यांना मॅडिसन काउंटीत दहा एकर जमीन दिली. १८५५ मध्ये तिथे एका खोलीची शाळा सुरू झाली. रविवारी तेच चर्च. पैसा येई अमेरिकन मिशनरी असोसिएशनकडून. गुलामगिरीबाबत ‘अमेरिकन बोर्ड’ बोटचेपेपणा करतं म्हणून नाराज झालेल्यांनी १८४६ मध्ये काढलेली ही संस्था. मुंबई-अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन चालवणारं बोर्ड ते हेच.

या व्यवस्थेत एक दुबळी कडी होती. गुंडांपासून संरक्षण मिळत होतं ते क्ले यांच्या वजनामुळे, आणि क्ले यांना हवी होती टप्प्याटप्प्याने, कायद्याच्या चौकटीत मुक्ती. १८५६ च्या ४ जुलैला भर सभेत दोघांचं वाजलं. पळून गेलेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कायदा देवाच्या कायद्याविरुद्ध असल्याने बंधनकारक नाही, असं फी म्हणाले. क्ले यांनी हात काढून घेतला.

फटका बसला तो १८५९ च्या अखेरीस. गुलामांच्या उठावासाठी जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर घातलेल्या छाप्याला महिनाही झाला नव्हता. निधी गोळा करत फिरणारे फी ब्रुकलिनच्या चर्चमध्ये म्हणाले की आणखी जॉन ब्राउन हवेत, त्याच्या पद्धतीचे नव्हे, समर्पणाचे. केंटकीत पोचला फक्त पहिला अर्धा भाग. डिसेंबरात साठेक हत्यारबंद घोडेस्वार बेरियात आले आणि गाव सोडायला दहा दिवसांची मुदत देऊन गेले. शिक्षक जॉन रॉजर्स यांच्यासह तीसहून अधिक माणसं ओहायो नदीपलीकडे गेली.

यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये शाळा पुन्हा उघडली. पहिले काळे विद्यार्थी वर्गात आले तेव्हा २७ गोरे विद्यार्थी उठून गेले. त्यांना परत आणण्यासाठी नियम काही सैल झाला नाही. १८६६–६७ मध्ये पटावर १८७ जण होते : ९६ काळे, ९१ गोरे. पदवीचे वर्ग १८६९ मध्ये सुरू झाले. (१८९२ पासून इथे शिकवणीची फी घेत नाहीत, संस्थापकांचं आडनाव फी असूनही!)

घोडेस्वारांना साधलं नाही ते पुढे विधिमंडळाने साधलं. १९०४ च्या डे कायद्याने काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवण्यावर बंदी घातली. वेगळी शाखा काढायचीच तर किमान २५ मैल लांब. राज्यात त्या वेळी एकत्र शिकवणारं कॉलेज हे एकच, त्यामुळे नेम कुणावर हे उघड होतं. कॉलेजला हजार डॉलर दंड झाला. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, पण वर्णभेद योग्य की अयोग्य या प्रश्नाला हात न लावता : कॉलेज ही राज्याच्या सनदेने जन्मलेली कायदेशीर संस्था (कॉर्पोरेशन), आणि आपणच दिलेली सनद राज्य बदलू शकतं. स्वतः केंटकीचे असलेले न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं.

काळ्या विद्यार्थ्यांसाठी सिम्प्सनविलजवळ १९१२ मध्ये लिंकन इन्स्टिट्यूट उघडली. बेरियात त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला १९५० मध्ये, कायदा सैल झाल्यावर.