भोपळा : सोलापूर परिसरातील शरद ऋतूतील निवड व उपयोग

भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंत सोलापूरच्या मंडईत लाल भोपळा, कोहळा आणि दुधी यांची आवक एकाच वेळी होते. तिघेही काकडीच्या कुलातले (कुकर्बिटेसी) असले, तरी त्यांच्या प्रजाती वेगळ्या आहेत. लाल भोपळा म्हणजे डांगर किंवा काशीफळ हा कुकर्बिटा प्रजातीतला, कोहळा बेनिनकासा हिस्पिडा आणि दुधी लॅजिनेरिया सिसेरारिया. शहरातल्या तेलुगू घरांत लाल भोपळ्याला गुम्मडिकाय व कन्नड घरांत कुंबळकाई म्हणतात. ताटातली भाजी, दसऱ्याची पूजा, दारावरची दृष्ट, फुलांची आरास, अगदी तंबोऱ्याचा तुंबासुद्धा या कुलातूनच येतो. मात्र एका कामाचे उत्तम फळ दुसऱ्या कामाला निरुपयोगी ठरू शकते. म्हणून आधी काम ठरवून मग फळ निवडावे.

लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील वाहाका भागातल्या गुहांत सापडलेल्या बियांवरून या प्रजातीतील एका जातीची लागवड तिथे ८,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी सुरू झाल्याचे दिसते. भारतात तो पोर्तुगीज व्यापाराच्या काळात रुजला. कोहळा आणि दुधी इथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. नवदुर्गांपैकी चौथीचे नाव कूष्मांडा, आणि संस्कृतातले कूष्मांड म्हणजे कोहळा. असे असूनही पितृपक्षाच्या स्वयंपाकात आणि नवरात्राच्या उपवासात मानाची जागा मिळाली ती उशिरा आलेल्या लाल भोपळ्याला. इतक्या कमी काळात एखादे परदेशी फळ इतके सोवळ्यात गेल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

लाल भोपळ्याच्या तीन मुख्य जाती देठावरून ओळखता येतात. मोश्चाटाचा देठ कडक व पंचकोनी असतो आणि फळाला टेकताना फुलासारखा पसरतो. मॅक्झिमाचा देठ गोल, जाड, बुचासारखा मऊ असतो. पेपोचा देठ कडक आणि धारदार कडांचा असतो, पण बुडाशी फारसा पसरत नाही. सोलापूरकडच्या शेतांत आणि परसांत दिसतो तो बहुतेक मोश्चाटा, कारण उष्णता सोसण्यात तो तिघांत सरस आहे. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. जून-जुलैत लावलेला वेल हा परतीचा पाऊस पिऊन घेतो. फळ तयार व्हायला ११० ते १२५ दिवस लागत असल्याने तोडणी बरोबर दसऱ्याच्या आसपास येते. जुन्या माळवदाच्या घरांत परसातला वेल भिंतीवरून छतावर चढवत. जमिनीची ओल न लागल्यामुळे फळ बुडाशी कुजत नसे.

लागवडीच्या वाणांपैकी बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचा अर्का चंदन स्वयंपाकासाठी उत्तम आहे. त्याचे फळ २ ते ३ किलोचे, फिकट तपकिरी सालीचे, दोन्ही टोकांना किंचित दबलेले असते. गर घट्ट, केशरी आणि कॅरोटीनने भरलेला असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा विश्वासचे फळ साधारण ५ किलोपर्यंत जाते, त्यामुळे तो घरापेक्षा कार्याच्या स्वयंपाकाला बरा. त्याच संस्थेचा पुसा विकास आखूड वेलाचा, लहान फळाचा असून परसात लावायला सोयीचा आहे. अर्का सूर्यमुखी हा मॅक्झिमा गटातला वाण. त्याची फळे सुमारे किलोभराची, गोल, नारिंगी सालीवर फिकट पट्टे असलेली असतात आणि फळमाशीला सहसा बळी पडत नाहीत. खाऊन संपवायचा तो भोपळा आधी काही दिवस शोभेलाही ठेवायचा असेल, तर याच्याइतका चांगला पर्याय नाही.

मंडईत मात्र वाणाचे नाव कोणी सांगत नाही, आणि विचारायची गरजही नसते. भोपळा फोडी करून विकला जातो ही मोठी सोय आहे, कारण गर डोळ्यांनी पाहता येतो. कोयत्याने नुकत्याच काढलेल्या फोडीकडे नीट पाहावे. सालीच्या आतल्या कडेला, गर सुरू होतो तिथे, पाण्यासारखे स्वच्छ थेंब ओळीने उमटतात आणि थोड्या वेळात डिंकासारखे घट्ट होतात. हे थेंब दिसले की फोड ताजी समजावी. गर गडद केशरी असावा, बियांभोवतीची जाळी ओली पण सुटसुटीत असावी आणि बिया टपोऱ्या असाव्यात. गर पिवळट व बिया चपट्या असतील, तर फळ कोवळे तोडलेले असते आणि शिजल्यावर पाणी सोडते. अख्खा भोपळा घ्यायचा असल्यास आकाराच्या मानाने जड, देठ शाबूत व वाळलेला आणि साल मंद, चकाकी नसलेली पाहून घ्यावा. जमिनीला टेकलेला डाग पांढरट नसून पिवळसर असेल, तर फळ वेलावर पिकलेले असते. तुकतुकीत सालीला भुलून घेतलेला भोपळा बहुधा फिका निघतो.

घारग्यांना सगळ्यात कोरडा, गोड गर लागतो. किसलेला भोपळा गुळाबरोबर शिजवतात आणि त्यात मावेल तितकीच कणीक घालतात. पाणचट भोपळ्याने कणीक जास्त लागते आणि घारगे चिवट होतात. उपवासाच्या भरतात भोपळा वाफवून दही, दाण्याचे कूट आणि जिऱ्याची तुपातली फोडणी असते, तिथे मध्यम गर चालतो. पितृपक्षातली भाजी मेथीदाण्याच्या फोडणीची. ती सालासकट केली तर फोडी मोडत नाहीत, म्हणून कोवळ्या सालीचे फळ पाहावे. शहरात कन्नड-तेलुगू स्वयंपाकाचा शेजार असल्याने सांबारातही भोपळा जातो. त्यासाठी उकळीत टिकणारा घट्ट मोश्चाटाच हवा.

दुधीचे परीक्षण याच्या अगदी उलट. तो कोवळाच घ्यायचा. अंगावर बारीक लव असावी आणि नख हलकेच टेकवताच आत जावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा सम्राट हा लांबट, एकसारख्या जाडीचा वाण राज्यात चांगला परिचित आहे.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला कोहळ्याचे दिवस येतात. यंत्रमागाचे कारखाने, गॅरेज, दुकाने आणि वाहने यांची पूजा झाली की कोहळा कापून त्यात कुंकू भरतात. पशुबळीच्या जागी आलेला हा कूष्मांडबळी होय. दारावर टांगायचा कोहळा वेगळ्या कसोटीवर निवडावा. वजन दीड ते अडीच किलोपर्यंत, म्हणजे शिंक्याला पेलेल इतकेच. देठ लांब आणि कुठेही नखाची खूण नको. पक्व कोहळ्याची लव गळून सालीवर राखेसारखा पांढरा मेणचट थर येतो. हा थर ओलावा आत धरून ठेवतो आणि बुरशीला बाहेर रोखतो, म्हणून टांगायचे फळ धुऊ नये की पुसू नये. तसाच टांगलेला कोहळा कित्येक महिने टिकतो. वड्या, सांडगे किंवा पेठ्यासाठी मात्र मोठा, जुना, जड कोहळा हवा. त्याचा गर चुन्याच्या निवळीत ठेवला की पाकात विरघळत नाही. रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी लगेच उचलायला हव्यात. त्यावरून दुचाकी घसरून माणसे जखमी होतात, आणि पूजेला असा शेवट शोभत नाही.

याच दिवसांत शहराच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या स्त्रिया बतुकम्मा मांडतात. तेलंगणातून आलेला हा फुलांचा उत्सव भाद्रपद अमावास्येला सुरू होतो. फुलांच्या थरावर थर रचून वर हळदीची गौरम्मा बसवतात. झेंडू, शेवंती, तरवड यांच्या जोडीला भोपळ्याचे मोठे पिवळे फूल परंपरेने मानाचे. हे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढताच मिटते, म्हणून तोडणी सकाळी लवकर करावी. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या खाली छोटा गोळा असतो, तोच पुढे फळ होतो. नर फूल लांब, सडपातळ दांडीवर असते. आराशीसाठी आणि भज्यांसाठी नर फुलेच घ्यावीत, पण परागीभवनाला काही वेलावर राहू द्यावीत. तेवढी काळजी घेतली तर फळ कमी येत नाही.

भोपळा कोरून दिवा करण्याची पद्धत आयर्लंडमधल्या सलगमाच्या दिव्यांतून अमेरिकेत गेली आणि तिथे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनशी बांधली गेली. तिथला कोरायचा प्रसिद्ध हॉवडेन हा वाण पेपो गटातला आहे. देठ मुठीत धरण्याजोगा, पण गर रेषाळ आणि बेचव. तिथल्या डबाबंद भोपळ्यासाठी मोश्चाटा गटातला डिकिन्सन वापरतात. दिव्याचा भोपळा निराळा आणि खाण्याचा निराळा, हा विवेक तिथेही पाळला जातो. सोलापूरच्या ऑक्टोबरच्या उष्म्यात कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांतच नासतो. आरास करायचीच असेल तर अख्खी छोटी फळे मांडावीत आणि दिवाळीनंतर स्वयंपाकात वापरावीत. रंगीबेरंगी, खडबडीत शोभेची तुंबडी बाजारात मिळाली तर ती खाऊ नये. त्यांत क्युकर्बिटासिन हे कडू विष असते.

शोभेच्या पलीकडचा, आणि या जिल्ह्याला खरा अभिमान वाटावा असा उपयोग तंतुवाद्यांचा आहे. सांगली जिल्ह्यातील मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी घडतात. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा व्यवसाय उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या काठच्या शेतांतून जातात. हा दुधीच्या जातीतला कडू भोपळा खायचा नसतो. त्याची निवड घेर, तोलदार आकार आणि सालीची सारखी जाडी यांवर होते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याला मोठ्या घेराचा, स्त्री गायिकेच्या तंबोऱ्याला लहान भोपळा लागतो. फळ वेलावर वाळेपर्यंत ठेवतात, मग कापून आतला गर व बिया काढतात आणि पोकळीला आकार देतात. सालीला चीर किंवा किडीचे छिद्र असेल तर भोपळा बाद होतो, कारण नादाचा घुमारा त्या पोकळीतच तयार होतो.

पिकलेला लाल भोपळा देठ ठेवून तोडावा, आठ-दहा दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा आणि मग माळ्यावर एकमेकांना न टेकेल असा मांडावा. साठवणीत स्टार्चची साखर होत जाते, त्यामुळे महिनाभर ठेवलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. मोश्चाटा तीन महिने सहज टिकतो. चिरलेली फोड मात्र बिया काढून फ्रिजमध्ये ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी.

घरच्या भोपळ्याचे बी धरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संकरित वाणाच्या बियांतून मूळ फळासारखे फळ येत नाही, आणि एकाच जातीतले वेल मधमाश्यांमुळे आपसांत सहज मिसळतात. शोभेचे पेपो आणि त्याच जातीतले खायचे झुकिनी शेजारी लावून धरलेल्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळ येऊ शकते. म्हणून घरच्या बियाचे पहिले फळ किंवा कोणताही दुधी चिरल्यावर कच्ची चिमूटभर फोड जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर लगेच थुंकावी आणि अख्खे फळ फेकून द्यावे. शिजवून हे विष जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने लोकांचे जीवही गेले आहेत.