भयकथा बालचित्रपुस्तकाच्या रूपात : एका विडंबनप्रकाराची पार्श्वभूमी

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात 15 मार्च 1937 रोजी एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराचे वयाच्या 46व्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डमध्ये वाढलेल्या थिओडोर गाइझेल यांचे पहिले बालपुस्तक ‘डॉ. स्यूस’ या टोपणनावाने बाहेर पडले. एकाच्या कथा स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांतून येत आणि विसरल्या जात. दुसऱ्याच्या पुस्तकांवर पुढे अमेरिकेतील मुलांच्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. या दोघांची गाठ पडायला 80 वर्षे लागली. लव्हक्राफ्ट यांची 1928 साली प्रसिद्ध झालेली ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही कथा स्यूस यांच्या धाटणीच्या पद्यात आणि चित्रांत उतरवणारे आर. जे. इव्हान्कोव्हिक यांचे पुस्तक 2017 मध्ये केऑसियम या संस्थेने प्रकाशित केले.

अशी पुस्तके भेट म्हणून दिली जातात, दोन घटका हसवतात आणि कपाटात जातात, असा सर्वसाधारण समज आहे. मला मात्र या प्रकाराची मुळे बरीच खोल गेलेली दिसतात. चित्रपुस्तक आणि भयकथा यांचे नाते विडंबनकाराने जोडलेले नाही. ते आधीपासूनच होते आणि मधल्या काळात ते आपल्या नजरेआड झाले होते.

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन 1844 च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधायला बाहेर पडले, मनासारखे काही मिळेना म्हणून कोरी वही घेऊन घरी आले आणि त्यांनी स्वतःच चित्रे व पद्ये रचली. 1845 मध्ये छापले गेलेले हे पुस्तक पुढे ‘श्ट्रुव्वेलपीटर’ या नावाने जगभर गेले. त्यातला कोनराड अंगठा चोखतो. आई बाहेर जाताना बजावून जाते, तिची पाठ वळताच अंगठा तोंडात जातो, दार धाडकन उघडते, लांब तंगड्यांचा एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीसह झेप घेत आत येतो आणि दोन्ही अंगठे छाटून टाकतो. शेवटच्या चित्रात कोनराड हात पसरून उभा आहे आणि त्या हातांना अंगठे नाहीत. प्रौढांच्या भयकथेत शोभावा असा हा प्रसंग मुलांना मांडीवर घेऊन वाचून दाखवण्यासाठी लिहिला गेला होता. हे पुस्तक इतके सर्वांच्या ओळखीचे झाले, की 1914 मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या साच्यात जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मची आणि 1941 मध्ये हिटलरची टर उडवणारी पुस्तके निघाली. चित्रपुस्तकाच्या विडंबनाची परंपरा येथूनच ठळकपणे दिसू लागते.

एडवर्ड गोरी यांनी 1963 मध्ये इंग्रजी वर्णमालेच्या 26 अक्षरांवर 26 मुलांचे मृत्यू यमकांत बसवले आणि अंकलिपीचा साचा थेट स्मशानात नेला. त्याच वर्षी मॉरिस सेंडॅक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ आले. लांडग्याचा पोशाख घालून धुडगूस घालणाऱ्या मॅक्सला आई जेवण न देता झोपायला पाठवते, त्याच्या खोलीत हळूहळू रान उगवते आणि तो होडीतून राक्षसांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होतो. पानागणिक चित्र मोठे होत जाते आणि दंगा रंगात येतो तेव्हा तर शब्द पूर्णपणे नाहीसे होतात. हे राक्षस कुठून आले, याचे उत्तर सेंडॅक यांनीच दिले आहे: लहानपणी ब्रुकलिनच्या घरी येणारे, गालगुच्चे घेणारे, मोठमोठ्या दातांचे नातेवाईक त्यांनी रेखाटले होते. मुलांना हे भय झेपणार नाही, अशी टीका तेव्हा झाली. तरीही उत्कृष्ट चित्रपुस्तकासाठी दिले जाणारे 1964 चे कॅल्डेकॉट पदक याच पुस्तकाला मिळाले.

सेंडॅक यांचा साचा आणि लव्हक्राफ्ट यांचा मजकूर 2008 मध्ये केनेथ हाइट यांनी एकत्र आणला. ‘व्हेअर द डीप वन्स आर’ हे त्यांचे पुस्तक अँडी हॉप यांच्या चित्रांसह निघाले आणि त्यामागे ‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’ ही कथा होती. लव्हक्राफ्ट यांच्या हयातीत स्वतंत्र पुस्तक म्हणून बाजारात आलेली हीच एक कथा, 1936 सालची. तिचा निवेदक एका कुजत चाललेल्या बंदरगावात जातो, तिथल्या माणसांचे माशासारखे डोळे पाहून जिवाच्या आकांताने पळून येतो आणि शेवटी आपल्याच वंशात तेच रक्त आहे हे कळल्यावर समुद्राच्या ओढीला स्वतःला देऊन टाकतो. दोन्ही कथांत नायक राक्षसांकडे जातो आणि त्यांच्यातलाच एक होतो. फरक एवढाच, की मॅक्स परत येतो आणि खोलीत ठेवलेले त्याचे जेवण अजून गरम असते, तर इन्समाउथच्या नायकाला परत येण्याची इच्छाच उरत नाही. या जोडीची निवड मला फार जाणतेपणाची वाटते.

लव्हक्राफ्ट यांच्याच कथा पुन्हा पुन्हा का निवडल्या जातात, याचे एक कारण त्यांच्या स्वभावात आहे. आपण कल्पिलेली दैवते आणि ग्रंथ मित्रांनी खुशाल आपापल्या कथांत वापरावेत, असे त्यांनी स्वतःच सुचवले होते आणि क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ, रॉबर्ट ब्लॉक यांच्यासारख्या लेखकांनी ते मनापासून मानले. पुढे 1981 मध्ये केऑसियमनेच या कथांवर काढलेल्या खेळामुळे ही दैवते कथा न वाचलेल्यांच्याही ओळखीची झाली. विडंबनाला अशी ओळख लागतेच. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’मधील कवितांची खरी लज्जत ज्याला मूळ कविता ठाऊक आहेत त्यालाच कळते, येथे तर वाचकाला दोन मुळे ठाऊक असावी लागतात.

इव्हान्कोव्हिक यांच्यापुढची अडचण आणखी वेगळी होती. लव्हक्राफ्ट यांची वाक्ये लांबलचक आणि विशेषणांनी जड असतात, तर स्यूस यांची ओळ उड्या मारत जाते. 1936 मध्ये युरोपातून बोटीने परतताना इंजिनाचा ठेका स्यूस यांच्या डोक्यात बसला आणि त्यातून पहिल्या पुस्तकाची चाल निघाली. दोन हलक्या अवयवांनंतर एक आघात, असे चार गट एका ओळीत येतात. आपल्या वृत्तांच्या भाषेत तो चार सगणांचा तोटक म्हणता येईल, फक्त तेथे लघु-गुरूंऐवजी आघात मोजायचे. अशा चालीत जगबुडीची वार्ता सांगितली, की भय आणि ठेका एकमेकांना सोडत नाहीत. शिवाय लव्हक्राफ्ट यांचे भय न दिसण्यावर उभे असते आणि चित्रपुस्तकाला तर दाखवावेच लागते. तरी खुद्द लव्हक्राफ्ट यांनी 1934 मध्ये एका मित्रासाठी कथुलू या आपल्या कल्पित दैवताचे रेखाचित्र काढले होते: चौथऱ्यावर उकिडवे बसलेले, ऑक्टोपसच्या डोक्याचे ध्यान.

भयपटांतील राक्षसांच्या आधाराने मायकेल रेक्स यांनी 2008 मध्येच ‘गुडनाइट गून’ काढले आणि 1947 च्या ‘गुडनाइट मून’मधील हिरव्या खोलीच्या जागी थडगे आणले. मात्र मूळ पुस्तकातही एक पान संपूर्ण कोरे आहे आणि त्यावर ‘कुणीच नसलेल्या’ला शुभरात्री म्हटले आहे. झोपू घातलेल्या मुलाला वाचून दाखवताना त्या पानावर आवाज आपोआप खाली येतो.

या पुस्तकांचे स्वरूप कायद्यानेही घडवले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये एका गाण्याच्या खटल्यात, व्यापारी हेतूने केलेले विडंबनही न्याय्य वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायद्यात बसणारा वापर, ठरू शकते असे मान्य केले. पण अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरील खुनाच्या खटल्याविषयीचे एक पुस्तक स्यूस यांच्या शैलीत लिहिले गेले, तेव्हा 1997 मध्ये अपील न्यायालयाने त्याचे वितरण रोखण्याचा आदेश कायम ठेवला, कारण त्यात स्यूस यांच्या कृतीवर काहीच भाष्य नव्हते, केवळ तिची शैली उसनी घेतली होती. 2020 मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा-मालिका आणि स्यूस यांच्या मिश्रणाबाबतही त्याच न्यायालयाने न्याय्य वापराचा बचाव फेटाळला. इव्हान्कोव्हिक यांच्या पुस्तकाच्या शीर्षकात लव्हक्राफ्ट यांचे नाव आहे आणि ते ‘नवशिक्या वाचकांसाठी’ असल्याचे म्हटले आहे. स्यूस यांचे नाव त्यात नाही.