जुळलेलं हाड आणि बरा झालेला घोटा

‘प्लास्टर निघालं ना? मग अजून काठी कशाला?’

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला आमच्या गिरगावच्या चाळीच्या गॅलरीत, चर्नी रोडच्या पुलावर, ऑफिसात आणि एका लग्नाच्या पंगतीतही लोकांनी विचारलाय. विचारणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण त्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे, आणि त्या गल्लतीपायी भलेभले लोक आपला घोटा आयुष्यभराचा अधू करून घेतात. हाड जुळणं ही एक गोष्ट. घोटा बरा होणं ही दुसरी. पहिली एक्स-रेत दिसते, दुसरी दिसत नाही. म्हणून पहिली झाली की दुसरीही झालीच, असं लोक धरून चालतात.

माझा घोटा मागच्या जुलैत मोडला. ओल्या जिन्यावरून पाय सटकला, दोन्ही बाजूंची हाडं मोडली. ऑपरेशन झालं, बाहेरच्या बाजूला प्लेट, आतल्या बाजूला दोन स्क्रू. दहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, ‘छान जुळलंय.’ त्या दिवशी मी घरी पेढे नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीचा जिना उतरायला घेतला आणि तिसऱ्याच पायरीवर कठडा धरून रडले. हाड जुळल्यावरही घोटा असा लाकडासारखा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हाड कसं जुळतं यावर फार लिहीत नाही, ते बहुतेकांना माहीत असतं. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, त्यातून आधी मऊ आणि मग टणक जोड तयार होतो. घोट्याला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. मधुमेह असेल किंवा सिगारेट-तंबाखू सुरू असेल तर आणखी. प्लेट आणि स्क्रू हाडाला जागेवर धरून ठेवतात, जुळायचं काम हाडालाच करावं लागतं. बोकडाच्या पायाचं सूप रोज प्यायल्याने ते लवकर जुळतं ही समजूत आमच्या मजल्यावर फार पक्की आहे. सूप जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर प्रथिनांचं रोजचं जेवण आणि डॉक्टरांनी दिलेलं ड जीवनसत्त्व सोडू नका.

मुरगळणं आणि मोडणं यांच्यातही घोळ होतो, पण तो सोडवायला सोपा आहे. सूज किती आली यावरून काही ठरत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली त्यासाठी साधे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे असतात, त्यांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला हाडावर दाबून दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. एवढंच. आणि ताज्या दुखापतीवर मालिशवाल्याला हात लावू देऊ नका, तो कितीही नावाजलेला असो. या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

आता मुद्द्याचं.

घोटा म्हणजे एक हाड नव्हे. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, या दोघांची खालची टोकं मिळून एक खाच बनते. त्या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं. हे टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. आपण पाऊल जमिनीवर ठेवून गुडघा पुढे नेतो तेव्हा टॅलसचा रुंद भाग खाचेत शिरतो. कित्येक आठवडे पाय प्लास्टरमध्ये असताना ही हालचाल बंदच असते. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, पोटरी आखूड होते, आणि हाड उत्तम जुळलेलं असूनही गुडघा पुढे जाईनासा होतो. एक्स-रेत या आखडण्याचा मागमूसही नसतो.

माझ्या लक्षात हे पहिल्यांदा आलं ते संडासात. आमच्याकडे मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, तेही देशी. उकिडवं बसायचं तर टाच जमिनीला टेकलेली आणि गुडघा पावलाच्या कितीतरी पुढे, म्हणजे घोट्याकडून सगळ्यात जास्त दुमडण्याची मागणी. माझी टाच टेकेचना. दाराच्या कडीला धरून, एका पायावर भार घेऊन मी ते महिने कसे काढले ते माझं मला माहीत. सपाट रस्त्यावर चालायला घोटा थोडासाच दुमडावा लागतो, म्हणून सपाट चालणारा माणूस लोकांना बरा वाटतो. जिना उतरताना त्याहून खूप जास्त दुमडावा लागतो. चढण्यापेक्षा उतरणं का छळतं, याचं मोठं कारण हेच. पुलावर मागून लोंढा येत असतो आणि तुम्ही एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरता, तेव्हा मागच्यांना वाटतं ही बाई मोबाईल बघतेय.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे तोल. अस्थिबंधात, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांत, आणि सांध्याच्या आवरणात बारीक चेतातंतू असतात. पाऊल कुठे कललंय याची खबर ते सतत मेंदूला देत असतात. फ्रीमन नावाच्या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९६५ साली हा मुद्दा मांडला: दुखापतीत हे तंतूही जखमी होतात, म्हणून नंतरही घोटा दगा देतो, आणि डगमगत्या फळीवर उभं राहण्याच्या सरावाने ही जाण परत आणता येते. मला याची प्रचीती मोरीत आली. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि एकदम उजवीकडे झुकले. डोळे उघडे असताना ठीक, मिटले की तोल गेला. म्हणजे घोट्याचं काम इतके दिवस डोळे करत होते. आपल्या फुटपाथवर एक पेव्हर ब्लॉक वर, एक खाली. प्रत्येक पावलागणिक डोळ्यांनी राखण करायची म्हटलं तर माणूस चर्नी रोड ते ठाकूरद्वार एवढ्यातच थकून जातो. मी थकायचे. लोक म्हणायचे, ‘अशक्तपणा आलाय.’

तिसरी गोष्ट पोटरी. ती दिसते, टेप लावून मोजताही येते, त्यामुळे तिच्यावर जास्त बोलत नाही. चांगल्या पायाच्या एकाच चवड्यावर मी सलग वीस वेळा उंच होते. दुखऱ्या पायावर चौथ्या महिन्यातही एकदाही जमत नव्हतं.

या गल्लतीचे दोन परिणाम होतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी पाय दुखतोय म्हणजे हाड अजून कच्चं आहे असं ठरवलं आणि पुन्हा दोन महिने पाय उशीवर ठेवून बसले. हाड जुळलेलंच होतं. दुखत होता तो आखडलेला सांधा, आणि विश्रांतीने तो आणखी आखडला. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने उलट केलं. हाड जुळलंय म्हणजे आता कशाची काळजी, म्हणून काठी टाकली आणि लंगडत रोज स्टेशनपर्यंत चालायला लागला. घोटा दुमडत नव्हता म्हणून पाऊल बाहेर वळवून टाकायचं, टाच लवकर उचलायची, गुडघा मागे ताणायचा. तीन महिन्यांत ती चाल अंगवळणी पडली. आता घोटा सुधारलाय, लंगडणं राहिलंय, आणि दुसऱ्या पायाचा गुडघा कुरकुरतोय. लंगडत तासभर चालण्यापेक्षा काठी घेऊन दहा मिनिटं नीट चालणं शंभर पटीने चांगलं, हे मी वाटेल त्याला सांगायला तयार आहे. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मी मुंबई ती चुकीच्या हातात धरते. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

मग दुखणं कोणतं ऐकायचं आणि कोणतं सोसायचं? माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी दिलेलं माप मला सगळ्यात उपयोगी पडलं: व्यायामानंतर दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं, तर मात्रा बरोबर. सकाळीही तसंच असेल, तर आज निम्मं करायचं. पूर्ण बंद मात्र करायचं नाही. सुजेचंही तसंच. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, रात्री पाय उंच ठेवला की सकाळी उतरतो, ही कामाची सूज. ती सहा महिने, कधी वर्षभरही राहते आणि तिचा अर्थ हाड सुटलं असा होत नाही. पोटरीतल्या स्नायूंच्या आवळण्याने रक्त वर ढकललं जातं. पोटरीच रोडावलेली असली की संध्याकाळी पाणी खाली साचतं.

पण काही लक्षणं घरी बसून सोसायची नाहीत. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते; त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा. जखमेतून पाणी, ताप, गरम लाल घोटा. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं जे भार दिल्यावर दर आठवड्याला वाढतंय. किंवा नुसता पंख्याचा वारा लागला तरी आग, आणि कातडीचा रंग बदललेला. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे, फिजिओकडे नंतर. आणि हे सगळं व्यायामाचं बोलणं डॉक्टरांनी भार द्यायची परवानगी दिल्यानंतरचं आहे. परवानगी मिळाली की, सांगितलेला भार म्हणजे किती, हे वजनकाट्यावर पाय दाबून शिकून घ्या. अंदाज सगळ्यांचाच चुकतो.

हाड जोडणं आणि माणसाला पुन्हा चालतं करणं ही वेगळी कामं आहेत, हे वैद्यकशास्त्राला कधीच कळलंय. आपल्या मुंबईत हाजीअलीला १९५५पासून केंद्र सरकारची एक अख्खी संस्था उभी आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, आणि नावातच ‘पुनर्वसन’ आहे. घरांमध्ये मात्र ऑपरेशनला लाखभर रुपये उभे करणारे लोक फिजिओच्या दहा बैठकांना ‘ते काय, घरी करता येतं’ म्हणतात. घरी करता येतं, खरंय. पण काय, किती आणि कधी वाढवायचं हे कोणीतरी पायाला हात लावून सांगावं लागतं. माझं ठाम मत आहे की पैसे कमी असतील तर आठवड्याला एकच बैठक घ्या, पण घ्या.

आता मनाचं. या दुखण्यात सगळ्यात जड जातो तो रोजचा हिशोब. कालच्यापेक्षा आज बरं वाटत नाही, मग माणूस खचतो. घोटा दिवसागणिक सुधारत नाही. कधी पंधरा दिवस जागचा हलत नाही, कधी एका पावसाळी दिवशी मागेही जातो. मी आठवडे मोजायचं बंद केलं आणि कामं मोजायला लागले. कठडा न धरता जिना चढले: चौथा महिना. टाच टेकवून उकिडवी बसले: सातवा. बसमधून उतरताना कंडक्टरला ‘थांबा हो’ म्हणावं लागलं नाही: आठवा. वहीत तारखेसकट लिहून ठेवते. सासूबाईंनी एकदा ती वही वाचली आणि त्या दिवसापासून ‘अजून किती दिवस?’ विचारणं सोडून ‘आज काय जमलं गं?’ विचारायला लागल्या. घरच्या माणसांनी विचारायचंच असेल तर हे विचारावं.

भीती वेगळी. पहिला पाऊस पडला तेव्हा हाड जुळून आठ महिने झाले होते, तरी ओला जिना बघून माझे दोन्ही पाय थिजले. तिलाही बऱ्या होण्याच्या यादीत धरते. रोज संध्याकाळी, जिना कोरडा असताना, शेवटच्या चार पायऱ्या कठडा न धरता उतरायच्या, मग सहा, मग पाऊस पडून गेल्यावर दोन.

आणि एक माप घरातल्या घरात ठेवता येतं. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा भिंतीपासून जितका लांब ठेवून हे जमतं, तितका घोटा मोकळा. तुलना आपल्याच चांगल्या पायाशी करायची, दुसऱ्या कोणाच्या मामाच्या पायाशी नाही. माझ्या डाव्या पायाचं ११ सेंटीमीटर भरतं. उजव्याचं डॉक्टरांनी ‘छान जुळलंय’ म्हटलं त्या आठवड्यात १ होतं. स्वयंपाकघराच्या शहाबादी फरशीवर मी खडूने रेघ मारली, मग दर महिन्याला एक. काल आठवर रेघ मारली. आधीच्या रेघा पुसू देत नाही. लादी पुसायला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलंय.