गाठ गेली, जबड्याचं काय?

"दुखणा नाय, मगे डॉक्टराकडे कित्याक?" कुडाळ-सावंतवाडीकडे गालाच्या सुजेवर हे उत्तर ठरलेलं. अक्कलदाढ येत असेल म्हणून आधी लेप, मग लवंग, आणि बघता बघता दोन पावसाळे निघून जातात. अमेलोब्लास्टोमा ही जबड्याची गाठ नेमकी अशीच, न दुखता वाढते. ती कॅन्सर नव्हे, पण हाड आतून पोखरून फुगवते. नुसती खरवडून काढली तर बहुधा परत येते. म्हणून भोवतालचं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चांगलं हाडही कापावं लागतं. गोव्याचं बांबोळी हॉस्पिटल किंवा मुंबई गाठायला उशीर झाला, तर अर्धा जबडासुद्धा जातो.

हाड कापायची विद्या जुनी. खड्डा भरताना मात्र सर्जन पिढ्यान्‌पिढ्या अडले. एका रशियन उमरावाच्या कवटीला कुत्र्याचं हाड बसवल्याची हकिकत १६६८ साली डच सर्जन योब फान मेकेरेन यांच्या पुस्तकात छापली गेली. आपल्याकडे पुण्याजवळ नाक कापलं गेलेल्या कावसजीला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं, ते वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात आलं. त्याचं कौतुक आपण अजून करतो, पण ते काम कातडीचं होतं, हाडाचं नव्हे.

कवटी आणि डोळ्याच्या खोबणीची वाट पॉल टेसिए या फ्रेंच सर्जननी १९६७ च्या सुमारास मोकळी केली. फायब्रस डिसप्लेझिया या हाडाच्या विकारात डोळ्याभोवतीचं हाड जाड होतं. ते काढल्यावर कवटीच्याच हाडाचा बाहेरचा पापुद्रा सोलून तिथे बसवता येतो.

जबड्याचं कोडं पायानं सोडवलं. नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिनीसकट उचलून दुसरीकडे जोडता येतं, हे ऑस्ट्रेलियाच्या इयन टेलर यांनी १९७५ मध्ये पायाच्याच दुखापतीत दाखवलं. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गोंनी १९८९ मध्ये त्यातून खालचा जबडा घडवला. सरळ हाडाचे दोन-तीन तुकडे करून टायटॅनियमच्या पट्टीवर बाक द्यायचा, मग त्याची धमनी मानेतल्या धमनीला शिवायची. दोन-तीन मिलिमीटरची नळी, केसाहून बारीक दोरा, डोळ्याला मायक्रोस्कोप. सोनाराचंच काम म्हणा ना. साध्या गाठीला सहसा रेडिएशन लागत नाही, त्यामुळे हे हाड छान धरतं आणि पुढे त्यात दातही रोवता येतात.

पेशंटची काळजी मात्र वेगळीच: "माडार चढूक जमात मां?" फिब्युलावर शरीराचा भार थोडाच असतो, आणि घोट्याजवळचं सहाएक सेंटिमीटर हाड जागेवर ठेवतात. चालणं-फिरणं बहुतेकांना जमतं. पायाच्या अंगठ्याची ताकद थोडी कमी होऊ शकते, हे ऑपरेशनआधी सांगायलाच हवं. माडावर चढणारा त्याच अंगठ्यानं खोड धरतो.